वाढत जाणारे काम आणि ठरलेला मोबदला

आपल्या वाचकांत नोकरदारांबरोबर आता असेही पुष्कळ जण आहेत की ज्यांचे नाव कोणाच्याही हजेरीपटावर नाही. कोणी भाषांतर करतो, कोणी अक्षरजुळणी करतो, कोणी दुकानदारांचे हिशेब लिहून देतो, कोणी घरांचे नकाशे काढतो, तर कोणी संगणकावर संस्थांची कामे करून देतो. ठरलेले काम, ठरलेले पैसे आणि ठरलेले दिवस ह्या तीन गोष्टींवर त्यांचा संसार चालतो. पैसे व दिवस तेवढेच राहिले आणि काम मात्र वाढत गेले, तर काय करावे? ह्या पाठात आपण एवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

उदाहरण भोपाळचे घेऊ. तेथे मराठी माणूस पुष्कळ वर्षांपासून आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि तोपर्यंत राजधानी असलेल्या नागपुराहून सचिवालयातील अनेक कुटुंबे तिकडे गेली. पुढे भेलच्या कारखान्यानेही माणसे आणली. तरी शहराच्या मानाने हा समाज लहानच राहिला. गणेशोत्सवात, लग्नकार्यात, सभासंमेलनात तीच माणसे पुन्हा भेटतात. अशा ठिकाणी गिऱ्हाईक हा केवळ गिऱ्हाईक नसतो. तो वडिलांचा मित्र असतो, नाही तर बहिणीच्या सासरचा कोणी असतो. पैशाची गोष्ट काढणे म्हणूनच जड जाते.

समजा, अशा ह्या भोपाळात एक भगिनी घरीच अक्षरजुळणीचे काम करते. मराठी व हिंदी ह्या दोन्ही भाषा तिला चांगल्या येतात. एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे काम तिच्याकडे आले. संस्थेचे चिटणीस तिच्या वडिलांच्या परिचयाचे. ती त्यांना काका म्हणते. तोंडी ठरले ते असे: ९६ पाने, मराठी मजकुराची जुळणी व मांडणी, दोन वेळा मुद्रिते, ४५ दिवसांची मुदत आणि मोबदला रुपये २४,०००. एकूण १२० तास लागतील असा तिचा अंदाज होता, म्हणजे ताशी २०० रुपये पडणार होते. ह्यात वीज, संगणकाची दुरुस्ती आणि काम नसलेले दिवस हे सारे आले. फार नाही, पण बरे.

आठवडाभराने काका म्हणाले, “बेटा, मुखपृष्ठही तूच करून टाक, एवढं तर होऊनच जाईल.” ती हो म्हणाली. त्यात १० तास गेले. मग जाहिराती येऊ लागल्या. त्या तयार येतील असे तिने धरले होते. पण एकाने दुकानाचे कार्ड पाठविले, दुसऱ्याने पाटीचा फोटो पाठविला, आणि सगळ्या जाहिराती तिलाच बसवाव्या लागल्या. हे ३० तास झाले. पाहुण्यांचे शुभसंदेश हिंदीत व इंग्रजीत आले. ते मराठीतही हवेत असे ठरले. भाषांतराला २४ तास लागले. दुसरी मुद्रिते गेल्यावर अध्यक्षांनी संस्थेच्या इतिहासाचा लेख पुन्हा लिहावयास घेतला. त्यामुळे तिसरी व चौथी मुद्रिते काढावी लागली, त्याचे १६ तास. शेवटी जाहिराती बऱ्याच मिळाल्या म्हणून १६ पाने वाढली, त्याचे २० तास. बेरीज करून पाहा: १०० तास वाढले. एकूण २२० तासांना २४,००० रुपये, म्हणजे ताशी १०९ रुपये. दिवस ४५ चे ७० झाले, आणि मध्यंतरी आलेले शाळेच्या पुस्तकाचे चांगले काम तिला परत पाठवावे लागले.

ह्यात फसवणूक कोणी केली? खरे म्हणजे कोणीच नाही. स्मरणिका ही वस्तूच अशी आहे की ती होता होता वाढते. जाहिराती उशिरा येतात, मान्यवर शेवटच्या दिवशी संदेश पाठवितात, समितीतील प्रत्येकाला आपली एक सूचना असते. काकांनी एकेक गोष्ट मागितली, आणि सुटी सुटी पाहिली तर प्रत्येक गोष्ट लहानच होती. त्यांना जुळणीचे तास दिसत नव्हते. तिने सांगितलेही नाही. ती मनात कुढत राहिली, आणि पुढे कार्यक्रमांतून काका दिसले म्हणजे दुसरीकडे वळू लागली. तिचे का बिघडले, हे काकांना कळलेच नाही. पैशाचे नुकसान दोन-तीन महिन्यांत भरून निघते. अबोला इतक्या लवकर भरून निघत नाही, आणि लहान समाजात त्याची किंमत अधिक असते. काही न बोलता सोसणे म्हणजे नाते जपणे अशी आपली समजूत असते. ह्या प्रकारात ती खरी ठरत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कोर्टात जावयाचे म्हणून नव्हे. मूळ काम व वाढीव काम ह्यांमधली रेघ कोठे पडते, ह्याचा विचार न्यायाधीशांनी आपल्या आधी पुष्कळ केला आहे म्हणून.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात ७० वे कलम आहे. त्याचा सारांश असा: एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर रीतीने काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने त्याची भरपाई करावी किंवा मिळालेली वस्तू परत करावी. ह्या कलमावरील फार प्रसिद्ध खटला बंगालमधला आहे. १९४४ साली बी. के. मंडल अँड सन्स ह्या ठेकेदारांनी तेथील नागरी पुरवठा खात्यासाठी तात्पुरती गोदामे बांधण्याचे काम घेतले. ते पुरे झाले आणि त्याचे ३९ हजारांवर रुपये त्यांना मिळालेही. पण मधल्या काळात अधिकाऱ्यांनी आणखी कामे सांगितली. आरामबागला कच्चा रस्ता, पहारेकऱ्याची खोली, कचेरी, स्वयंपाकघर, कारकुनांसाठी खोली. आणि खानाकुलला आणखी साठ्याच्या शेड. मंडल ह्यांनी सारे बांधून दिले, खात्याने ते वापरले, आणि बिल आल्यावर सरकारने सांगितले की ह्या कामांचा कायदेशीर रीतीने करार झालेलाच नाही, तेव्हा पैसे देणे लागत नाही.

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर १९६१ मध्ये निकाल लागला, आणि बहुमताचे निकालपत्र साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर ह्यांनी लिहिले. रीतसर करार नसला तरी ७० व्या कलमाखाली पैसे मिळाले पाहिजेत, असा तो निकाल. मात्र त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली: दुसऱ्याला ती वस्तू नाकारण्याची मोकळीक असली पाहिजे. त्याने न मागता, त्याच्या गळ्यात आपले काम बांधून, मग बिल पाठविता येत नाही. काम मागितले गेले, ते फुकट नव्हते आणि ते वापरले गेले, ह्या तीन गोष्टी दाखविता आल्या तर वाढीव काम वाया जात नाही. १९४४ चे काम आणि १९६१ चा निकाल, हे सतरा वर्षांचे अंतरही वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ह्याच्या शेजारी दुसरा खटला ठेवला पाहिजे, नाही तर पहिल्यावरून खोटा धीर येईल. आलोपी प्रसाद अँड सन्स हे सैन्यासाठी तूप खरेदी करून देणारे सरकारचे अडते होते. १९३७ च्या कराराने त्यांचे दर ठरले होते आणि १९४२ मध्ये ते पुन्हा ठरविले गेले. युद्धाच्या काळात परिस्थिती पार बदलली, खर्च वाढला, आणि ठरलेल्या दरापेक्षा अधिक मिळावे अशी मागणी त्यांनी केली. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. करारात मोबदला ठरलेला आहे. काम अपेक्षेपेक्षा जड गेले एवढ्याने तो बदलत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध नाहीत. मंडल ह्यांची वाढीव कामे मूळ कामाच्या बाहेर होती. आलोपी प्रसाद ह्यांचे काम कराराच्या आतलेच होते. बाहेरच्या कामाचे पैसे मागता येतात. आतल्या कामात तोटा आला तर तो आपला आपण सोसावयाचा असतो. म्हणून खरा प्रश्न एवढाच उरतो की आत काय आणि बाहेर काय. आपल्या भगिनीने “स्मरणिकेचे संपूर्ण काम, रुपये २४,०००” असे लिहून दिले असते, तर मुखपृष्ठ, जाहिराती व भाषांतर हे सारे आतच आले असते, आणि कोणताही वकील तिला त्यातून बाहेर काढू शकला नसता. “संपूर्ण” हा शब्द लहान कारागिराने आपल्या कागदावर कधी लिहू नये असे मला वाटते. “सर्व समावेशक” आणि “आवश्यक ते सर्व” हे त्याचेच भाऊ.

सरकारी ठेकेदाराला ही गोष्ट चांगली ठाऊक असते. लोकनिर्माण विभागाच्या कोणत्याही बांधकामावर जा, तेथे माप पुस्तिका दिसेल. किती खोदले, किती विटा लागल्या, भिंत किती उंच गेली, हे मोजून तीत लिहिले जाते आणि त्यावर बिल निघते. अंदाजपत्रकात नसलेले काम करावयाचे झाल्यास ते वेगळे दाखवून त्याचा दर ठरवावा लागतो. इतके असूनही तंटे होतातच. राज्य सरकारच्या बांधकाम-ठेक्यांतील तंटे सोडविण्यासाठी मध्य प्रदेशाने १९८३ मध्ये खास कायदा करून मध्यस्थम अधिकरण स्थापन केले. ते भोपाळलाच आहे, आणि पन्नास हजार रुपये किंवा त्याहून मोठ्या मागणीचे तंटे तेथे चालतात. खाजगी संस्थेची स्मरणिका करणाऱ्या बाईला ते दार उघडे नाही. तिची माप पुस्तिका तिनेच लिहिली पाहिजे.

ही पुस्तिका म्हणजे काही मोठे दस्तऐवज नव्हे. काम घेताना एका पानावर लिहिलेले टिपण पुरे. त्यात काय काय असावे, हे स्मरणिकेच्या उदाहरणावरूनच पाहू. पाने ९६, त्याहून अधिक झाल्यास दर पानास २५० रुपये. मुद्रिते दोन वेळा. आणि “एक वेळ” म्हणजे सर्वांच्या दुरुस्त्या एकाच प्रतीवर, एकाच व्यक्तीने लिहून दिलेल्या. (हे स्पष्ट केले नाही तर अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार प्रत्येकी दोन वेळा मुद्रिते पाहतात, आणि दोनाची सहा होतात.) जुळणीची चूक असेल तर ती कितीही वेळा विनामूल्य दुरुस्त केली जाईल, मजकुरात बदल केल्यास तासाला २०० रुपये. मुखपृष्ठ, भाषांतर आणि जाहिरातींची रचना ह्या कामात धरलेली नाही. सर्व मजकूर अमुक तारखेपर्यंत मिळावा. जितके दिवस उशीर होईल तितके दिवस मुदत पुढे जाईल. काम सांगण्याचा अधिकार चिटणिसांना. इतरांनी आपल्या सूचना त्यांच्यामार्फत कळवाव्यात.

ह्यात काय येत नाही ते लिहावयास लोक लाजतात. काय येते ते सगळेच लिहितात, पण भांडण नेहमी न लिहिलेल्या गोष्टीवरून होते. हातात असलेल्या कामाच्या शेजारी दुसरी कोणती कामे असतात, ती मनाशी आठवून त्यांची नावे लिहावीत. जुळणीच्या शेजारी मुखपृष्ठ असते. नकाशाच्या शेजारी महापालिकेतील मंजुरीच्या फेऱ्या असतात. हिशेबाच्या शेजारी मागील वर्षाची अपुरी वही असते, आणि ती वही बहुधा दुसऱ्याच दिवशी पिशवीतून येते.

टिपण झाले तरी मागणी येणारच. तेव्हा उत्तर कसे द्यावे? बहुतेकांना दोनच वाटा दिसतात: मुकाट्याने हो म्हणणे, किंवा तोडून टाकणे. तिसरी वाट अशी की हो म्हणावे, पण त्या होकाराबरोबर रक्कम व तारीख सांगावी. काकांनी सोळा पाने वाढविली तेव्हा तिला असे म्हणता आले असते: “हो काका, होईल की. ही पानं आपल्या ९६ मध्ये नव्हती, म्हणून त्याचे चार हजार वेगळे होतील, आणि शुक्रवारऐवजी पुढच्या बुधवारी मिळेल. चालेल का तुम्हाला? चालत असेल तर तसं मेसेजवर कळवा, मी लगेच हात घालते.” ह्यात उर्मटपणा नाही, गाऱ्हाणे नाही, आपल्या अडचणींची लांबण नाही. निर्णय काकांच्या हाती दिला आहे. समितीला सोळा पाने चार हजारांची वाटतील तर ती घेतील. नाही तर मजकूर आटोपता घेतील. पुष्कळदा रक्कम ऐकली म्हणजे मागणीच विरून जाते, आणि त्यात दोघांचेही भले असते.

हे उत्तर पहिल्या मागणीला द्यावे लागते, पाचव्या नव्हे. मुखपृष्ठ फुकट, जाहिराती फुकट, भाषांतर फुकट, आणि पानांना मात्र पैसे, असे झाले तर काकांना ते लहर वाटेल, आणि त्यांचे वाटणे अगदीच चूक नसेल. चार वेळा फुकट केल्यावर फुकट हाच ठराव झाल्यासारखा दिसतो. ७० व्या कलमातील “फुकट करण्याचा हेतू नव्हता” हे दाखविणेही मग अवघड जाते. म्हणून काही भेट म्हणून द्यावयाचे असेल तर तेही लिहून द्यावे. बिलात “मुखपृष्ठ, १० तास, रु. २,०००, संस्थेस सप्रेम, आकारणी नाही” अशी ओळ टाकावी. देणगी दिसली पाहिजे, आणि पुढच्या वेळी ती गृहीत धरली जाऊ नये.

बोलणे फोनवर झाले असेल तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेसेज करावा: आज आपले असे बोलणे झाले, एवढे काम, एवढी रक्कम, ही तारीख, काही चुकले असल्यास कळवावे. व्हॉट्सॲपवरचे असे लेखन पुरावा म्हणून पुढे करता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे त्यासोबत ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. फोन बदलताना जुने मेसेज पुसले जाऊ नयेत एवढी काळजी घ्यावी. पण अशा मेसेजचा खरा उपयोग कोर्टात नाही. तीन आठवड्यांनी दोघांच्या आठवणी जुळत नाहीत तेव्हा आहे.

येथे आपल्या वाचकांपैकी कोणी म्हणेल, एक कोस नेणाऱ्याबरोबर दोन कोस जाण्याची आपल्याला शिकवण आहे. मग हा तासांचा हिशेब कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि तो झटकून टाकू नये. पण त्या शिकवणीत पहिला कोस वेठीचा आहे, आणि तो कोठे संपतो हे चालणाऱ्याला ठाऊक आहे. दुसरा कोस तो आपण होऊन चालतो. जिला पहिला कोस कोठे संपला तेच माहीत नाही, ती दुसरा कोस चालत नाही. तिला ओढून नेले जाते, आणि वाटेत ती मनातल्या मनात शिव्या मोजते. शिवाय दुसरा कोस कोणाच्या वाट्याचा, तेही पाहावे. शंभर तास काकांना दिले ते मुलांच्या फीमधून आणि परत गेलेल्या शाळेच्या पुस्तकातून दिले. मुलांना कोणी विचारले नव्हते.

याकोब आणि लाबान ह्यांची कथा ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. लाबान मामाच होता, म्हणजे घरचा माणूस. सात वर्षांची चौदा झाली, आणि वेतन दहा वेळा बदलले अशी याकोबाची तक्रार पुढे येते. पण उत्पत्तीच्या तिसाव्या अध्यायात याकोब आपला मोबदला कसा ठरवितो ते पाहा. ठिपकेदार, पट्टेदार व काळी जनावरे त्याची, बाकीची लाबानाची. कळपाकडे नुसते पाहून कोणालाही ठरविता यावे असा हा करार आहे. ज्या मालकाचा शब्द बदलतो त्याच्याशी डोळ्यांना दिसेल अशा खुणेवर करार करावा, हे त्याला अनुभवाने कळले होते. पाने, तास, मुद्रितांच्या वेळा ह्या आपल्या ठिपकेदार मेंढ्या आहेत. “चांगले काम”, “समाधान होईपर्यंत” ह्या खुणा नव्हेत.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या संस्था, मंडळे व समित्या ह्याही कोणाच्या तरी गिऱ्हाईक असतात. धर्मादाय काम आहे, सेवा समजून करा, असे म्हणून छापणाऱ्याकडून, रंगाऱ्याकडून, वीजजोडणी करणाऱ्याकडून आपण वाढीव काम घेतो, आणि हिशेबात मात्र “बचत” लिहितो. ती बचत नव्हे. ती त्या माणसाकडून न विचारता घेतलेली वर्गणी आहे. समितीत बसणाऱ्यांनी नवे काम सांगताना स्वतः होऊन विचारावे, ह्याचे किती होतील? समोरचा संकोची असेल तर हा प्रश्न आपणच काढणे अधिक गरजेचे असते.

पैसे कसे घ्यावेत हेही थोडक्यात पाहू. सारी रक्कम शेवटी घेण्याचे ठरले तर शेवट कधी हे गिऱ्हाईक ठरविते, आणि काम वाढत राहते तोवर शेवट येत नाही. म्हणून एक तृतीयांश काम सुरू करताना, एक तृतीयांश पहिली मुद्रिते देताना आणि उरलेले छपाईची फाइल हवाली करण्यापूर्वी, अशी वाटणी बरी. वाढीव कामाचे पैसे पुढच्या हप्त्यात मिळवून घ्यावेत. सगळी वाढ शेवटच्या बिलात घातली तर समोरच्याला धक्का बसतो. गिऱ्हाइकाने वाढीव काम नको म्हटले, तर मूळ काम ठरल्याप्रमाणे मुदतीत पुरे करून द्यावे. वाढीव पैशांसाठी मूळ काम अडवून धरणे योग्य नाही.

अशा घरगुती उद्योगाची उद्यम नोंदणी करता येते, आणि काम घेण्यापूर्वीच ती करून ठेवावी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिले असले तरी, काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज चढते. काम हाती पडल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारले असे धरले जाते. चार महिन्यांनी “हे जरा बदलून द्या” म्हणणाऱ्यास सौम्यपणे सांगण्यासारखे हे कलम आहे. पैसे देण्याची तारीख ठरली नसेल तर केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा लावण्याची मुदत काम झाल्यापासून तीन वर्षे असते. संकोचात तीही निघून जाते.

हा पाठ तरुणांच्या किंवा महिलांच्या बैठकीत घ्यावयाचा असल्यास पुढील प्रसंग वाचून दाखवावेत आणि प्रत्येकाने आपण काय उत्तर देऊ ते नेमक्या शब्दांत म्हणून दाखवावे. नुसते “मी स्पष्ट सांगेन” एवढे चालणार नाही. पहिला: तीन खोल्या रंगविण्याचे ठरले आहे, दोन झाल्या आहेत, आणि घरमालकीण चहा देताना म्हणते की उरलेल्या रंगात जिना होऊन जाईल. दुसरा: एका शिक्षिकेने दहावीच्या मुलास गणिताची शिकवणी धरली आहे, आणि त्याची धाकटी बहीण रोज त्याच टेबलाशी वही घेऊन बसू लागली आहे. तिसरा: भाषांतर पुरे होऊन गेले, पैसे मिळाले, आणि महिन्याने लेखक कळवितो की मूळ पुस्तकातच दोन प्रकरणे त्याने बदलली आहेत, ती “तेवढी” पाहून द्यावीत. ह्या तिसऱ्या प्रसंगात पैसे मागावेत की नाही ह्याविषयी बहुधा एकमत होणार नाही. तसे झाल्यास, भाषांतर देताना सोबत काय लिहून द्यावयास हवे होते, तेवढे सर्वांनी मिळून कागदावर लिहावे.